शंभरावं मेंढरू

१

गेल्या पशुगणनेत माझ्याकडे ताडकळस आणि पूर्णेच्या मधली नऊ गावं होती. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. गायीम्हशींची मोजणी सोपी असते. दावणीला बांधलेलं जनावर दिसतं, मोबाईलमध्ये भरलं की पुढच्या घरी. मेंढरांचं तसं नाही. कळप हलत राहतो, आणि मालकाला विचारलं तर तो "असतील साठ-सत्तर" म्हणून मोकळा होतो. म्हणून मी माझी एक पद्धत ठरवली होती. मेंढरं कोंडायला जाळं लावतात, त्याला वाघूर म्हणतात. ती एका बाजूने हातभर उघडायची, तिथे आपण उकिडवं बसायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीला हात लावत मोठ्याने आकडा म्हणायचा. या पद्धतीने माझी मोजणी कधी चुकली नव्हती.

डिसेंबरात येडबाचा कळप शांतवन मास्तरांच्या शेतात बसला होता. खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, तसा. मास्तर पूर्णेच्या शाळेतून निवृत्त झालेले ख्रिस्ती गृहस्थ. सत्तरीचे, बायको वारलेली, शेतातच दोन खोल्या बांधून राहायचे. येडबा पन्नाशीचा. त्याच्याबरोबर बायको मनकर्णाबाई आणि एकुलती एक मुलगी शालू. शालूला विसावं लागलेलं. बारावी पास होऊन ती पुन्हा कळपामागेच आली होती. मी मोजायला बसले तेव्हा ती वाघुरीच्या आत उभी राहिली आणि एकेक मेंढरू माझ्याकडे सोडू लागली.

मोजली. नव्व्याण्णव भरली.

येडबाचं तोंड उतरलं. "न्हाई म्याडम, शंभर हायेत. काल सांजच्याला हुती की."

"काळ्या तोंडाची न्हाई दिसायली, आबा," आतून शालू म्हणाली.

येडबा माझ्याजवळ येऊन बसला. "माझ्या बापाला जिंदगीत शंभर गाठता आलं न्हाई. म्या यंदा पयल्यांदा गाठलं. तुमी शंभरच लिवा. मी आनतो की हुडकून."

एका मेंढराने सरकारचं काय बिघडणार होतं? मी शंभर लिहिलं आणि पाठवून दिलं.

मास्तर चहाचे पेले घेऊन आले होते, त्यांनी हे ऐकलं आणि हसले. "येडबा, आमच्या शास्त्रात अगदी तुझा दाखला आहे. दाखला म्हणजे गोष्ट रे, कागद नव्हे. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं. एक हरवतं. तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधत जातो आणि सापडलं की खांद्यावर घेऊन घरी येतो."

"नव्व्यान्नव तशीच सोडून?"

"तशीच. कारण शंभर म्हणजे नुसता आकडा नाही. शंभर म्हणजे कुणीच कमी नाही. भरलेलं."

येडबाला ते फार आवडलं. "भरल्यालं," तो दोनदा म्हणाला. चहा अर्धा ठेवून त्याने काठी उचलली आणि नदीच्या बाजूला चालू लागला.

२

आठ दिवसांनी मी कानात बिल्ले मारायला गेले. पिवळे प्लास्टिकचे बिल्ले, प्रत्येकावर वेगळा नंबर. शंभरचा सीलबंद डबा होता, तो तिथेच फोडला.

"गावली का तुमची मेंढी?" मी येडबाला विचारलं.

"तिसऱ्या दिशी गावली. नदीच्या कपारीत बसली हुती, गप. खांद्यावर आनली, मास्तरनी सांगितली तशी."

"जड झाली असेल."

"न्हाई वो." तो खांदा चोळू लागला. "लय हलकी हुती."

मी आणि शालूने दुपारपर्यंत बिल्ले मारले. मेंढरं संपली तेव्हा डब्यात एक बिल्ला उरला होता. मी वाघूर लावायला सांगितली आणि नेहमीसारखी बसले. एक, दोन, तीन. शेवटचं मेंढरू बाहेर पडलं तेव्हा माझ्या तोंडून आकडा निघाला, शंभर.

मग बिनबिल्ल्याचं एक कुठेतरी असायला हवं. आम्ही तासभर कळपात फिरलो. एकेकाचा कान धरून बघितला. प्रत्येक कानात पिवळा बिल्ला होता. काळ्या तोंडाची तर त्यात एकही नव्हती.

"कुठली आणली मग तुझ्या आबांनी?" मी विचारलं.

शालू वाकून माझ्या चपलेजवळच्या मातीत खुरांचा माग शोधत होती. मेंढरं जिथून बाहेर पडली तिथे खुरांनी जमीन पार उकरून निघाली होती. मी उठून उभी राहिले. मला भूक लागली होती, ऊन चढलं होतं, आणि डबा भरणाऱ्याकडून एखादा जास्तीचा बिल्ला पडला असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. उरलेला बिल्ला मी पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकला.

गाडी सुरू करताना लक्षात आलं, शेवटच्या मेंढराच्या पाठीला मी हात लावला होता, पण तो कशाला लागला ते आठवत नव्हतं.

३

कार्यालयातल्या संगणकाने चूक पकडली. गणनेत शंभर, बिल्ले नव्व्याण्णव. तालुक्याच्या साहेबांचा फोन आला, जाऊन जुळवा.

या वेळी मी जखमेवर लावायचं जांभळं औषध नेलं. तळहात त्यात बुडवायचा, पाठीवर ठसा मारायचा, म्हणजे एक मेंढरू दोनदा मोजलं जाणार नाही. येडबा गावात गेला होता. मनकर्णाबाई चुलीजवळ बसली होती. मला बघून तिला आनंद झाल्याचं दिसलं नाही.

"म्याडम, ते मेंढरू म्या आजून बगितलं न्हाई," ती हळूच म्हणाली.

"कोणतं?"

"मालकानी आनल्यालं. खांद्यावर काईतरी हुतं, तेवढं दिसलं. खाली उतरवलं आन मेंढरात गेलं. तवापास्नं मेंढरं चरताना मधी जागा सोडायलीत. एवढी." तिने दोन्ही हातांनी एका मेंढराएवढं अंतर दाखवलं. "आन वरडत न्हाईत. ऐका तुमी."

मी ऐकलं. दूरवर पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा वाजला. कळपातून एकही आवाज नव्हता.

मी बसले. शालू आत उभी राहिली, तिचा चेहरा उतरलेला होता. मेंढरं येऊ लागली, मी ठसे मारू लागले. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. चाळीस म्हणताना हात खाली गेला आणि लोकरीला लागलाच नाही. कोरडं, गरम असं काहीतरी तळहाताखालून सरकलं. मी बघेपर्यंत एक्केचाळिसावं मेंढरू पायात आलं होतं.

शेवटी आकडा शंभर. पाठीवरचे ठसे मोजले तर नव्व्याण्णव.

मी चिडले. मला भीती नव्हती वाटत, खरंच सांगते. माझी पद्धत चुकते याचा राग आला होता. मेंढरं परत आत घेतली, दुसऱ्या हाताने मोजली. या वेळी ते गरम, कोरडं बाराव्या आकड्याला लागलं. तिसऱ्यांदा मोजली तेव्हा सातव्याला.

"म्याडम, पुरे," शालू आतून म्हणाली. "तुमी आकडा मनलात की ते फुडं सरकायलंय."

"पुढे म्हणजे कुठे?"

"माझ्याकडं."

मग माझ्या लक्षात आलं. पहिली मेंढरं सुटायची ती तिच्या पायाजवळची. शंभरावं सगळ्यांत लांबचं. सातवं तिच्यापासून हाताच्या अंतरावर होतं.

४

मास्तरांच्या खोलीत एक टेबल, एक खाट आणि रंगीत पेन्सिलींनी रेघा मारलेलं त्यांचं शास्त्र. शेजारी एक जाड वही. शास्त्रात कुठला आकडा कुठे आणि कशासाठी येतो, ते त्यात ते तीस वर्षं टिपत होते. त्यांना वाटलं, मी सहज विचारायला आले आहे. खूश झाले.

"चाळीस? चाळीस हा परीक्षेचा आकडा, श्रद्धाताई. चाळीस दिवस पाऊस, चाळीस वर्षं रानात भटकंती, चाळीस दिवस उपास. बारा म्हणजे निवडलेले. त्या बारांतला एक गळाला, तर जागा रिकामी ठेवली नाही. चिठ्ठ्या टाकून दुसरा घेतला. बारा हे बाराच राहिले पाहिजेत. आणि सात म्हणजे पुरं झालेलं काम."

"शंभर, चाळीस, बारा, सात," मी म्हटलं. "या क्रमाने आले तर?"

"कशाचा क्रम?"

मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली पेन्सिल खाली गेली ती त्यांनी उचलली नाही. ते खिडकीतून वाघुरीकडे बघू लागले.

"मी त्याला दाखला सांगितला," ते म्हणाले. "तीस वर्षं लोकांना सांगत आलो. त्यात मेंढपाळ शेजाऱ्यांना बोलावतो, सगळे आनंद करतात. खांद्यावरून घरी आलेलं ते तेच मेंढरू होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही."

"मास्तर, माझ्या मोजण्यात चूक आहे, एवढंच."

"मग मोजू नका. आमच्या शास्त्रात एका राजाने आपली माणसं मोजली. फक्त मोजली. तर देवाने त्याला सांगितलं, आता शिक्षा तूच निवड. त्याने तीन दिवसांची निवडली. तीन दिवसांत सत्तर हजार माणसं रोगाने मेली. राजा रडला, ही तर मेंढरं, यांनी काय केलं? मोजणं एवढं वाईट का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण लिहिलेलं आहे."

"सातानंतर कुठला आकडा येईल?"

त्यांनी वही मिटली. "तीन. तिसऱ्या दिवशी कबरेत ठेवलेलं बाहेर येतं. आमच्यासाठी ती सगळ्यांत मोठ्या आनंदाची गोष्ट आहे, ताई. पण येडबाला नदीच्या कपारीत तिसऱ्या दिवशी जे गावलं, ते कुणी ठेवलेलं होतं, मला माहीत नाही. तिथपर्यंत आणू नका."

मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. वयस्क, सभ्य माणूस. त्यांचे हात बर्फासारखे गार पडले होते.

५

शनिवारी साहेबांचा पुन्हा फोन आला. सोमवारपर्यंत आकडा जुळला नाही तर नोटीस. मी म्हटलं, नव्व्याण्णव करून टाकते. ते म्हणाले, पाठवलेला आकडा बदलत नाही, जागेवर जाऊन पुन्हा मोजा, फोटो काढा.

रविवारी सकाळी गेले. मास्तर प्रार्थनेला पूर्णेला गेले होते. येडबा काठीवर हनुवटी टेकून बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शालू धावत आली.

"आज नगं म्याडम. पाया पडते तुमच्या."

"मग तुझ्या आईला सोडायला सांग."

"आई आत गेली की ते येत न्हाई. परवा बगितलं आमी. माझ्यासाठीच थांबलंय ते."

मी तिला खूप बोलले. बारावी शिकलेली मुलगी, असलं अडाण्यासारखं बोलतेस, तुझ्यामुळे माझी नोकरी जाईल, असंही म्हणाले. नोकरी जाणार नव्हती. नोटीस आली असती, मी उत्तर दिलं असतं, फाईल बंद झाली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

शालूने डोळे पुसले. ओढणी डोक्याभोवती घट्ट बांधली आणि वाघुरीत गेली. जाताना आईकडे बघितलं. मनकर्णाबाई जागची उठली नाही.

"सोड," मी म्हटलं.

एक. दोन.

"तीन" म्हणून मी हात पुढे केला आणि माझ्या तळहाताला एक तळहात लागला. बोटं माझ्या बोटांत आली, क्षणभर घट्ट झाली, आणि सुटली.

मी खाली बघितलं नाही. चार म्हटलं. पाच म्हटलं. का थांबले नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तोंड आपोआप चालत होतं. माझ्यापुढून मेंढरं जात राहिली, आणि मध्येच कधीतरी ती ओरडू लागली, सगळी एकदम, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. शंभर झाले तेव्हा वाघूर रिकामी होती.

शंभर मेंढरं, शंभर पिवळे बिल्ले. मी फोटो काढत गेले. एका मेंढीच्या कानातून ताजं रक्त गळत होतं. तिच्या बिल्ल्यावरचा नंबर मी वाचला, मग पिशवीचा आतला कप्पा उघडला. कप्पा रिकामा होता. ती मेंढी काळ्या तोंडाची नव्हती. भुऱ्या रंगाची, दोन दाती म्हणजे तरुण, अंगाने नीट. ती कळपाबरोबर गेली नाही. माझ्या गुडघ्याला अंग लावून थरथरत उभी राहिली.

शालू चुलीपुढे पाठमोरी बसली होती. ओढणी तशीच. मी हाक मारली. तिने मान वळवायला सुरुवात केली. ती वळली, आणि आणखी वळत गेली. मी नजर मोबाईलमध्ये घातली.

"लिवा," मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. "मेंढरं शंभर, मानसं तीन. भरलं आता समदं. परत मोजाय येऊ नका."

मोबाईलवर हिरवी खूण आली. आकडा जुळला होता.

६

दुसऱ्या दिवशी येडबाने बिऱ्हाड हलवलं. मास्तरांचं शेत अर्धंच खतवून झालं होतं, तरी गेला. मास्तरांचा मला फोन आला.

"काल संध्याकाळी शालू पेले परत द्यायला आली होती," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलली का ती?"

"नाही."

"माझ्याशी बोलली. मी दार लावलेलं होतं, तर बाहेर उभी राहून बोलली. माझ्या वहीतले आकडे म्हणून दाखवले, पानापानाचे. माझ्या आवाजात." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तुम्ही मोजलं ना, ताई?"

मी फोन ठेवला. त्यानंतर पंधरा दिवसांनी मास्तर लेकीकडे जालन्याला गेले ते आलेच नाहीत. शेत विकायला काढलं, असं ऐकलं.

मी रजा टाकली, चार दिवस परभणीला आईकडे राहिले, परत आले. काम सुरू केलं. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी त्या दिवसांत शिकले. रस्त्याने कळप दिसला की मी गाडीचा वेग वाढवायचे.

७

फेब्रुवारीत ताडकळसच्या आठवडी बाजारात माझी नेमणूक होती. खाटिकाला जाणाऱ्या जनावरांची तपासणी. ताप नाही, रोग नाही, बिल्ल्याचा नंबर अमुक, असा दाखला भरायचा. डॉक्टर रजेवर असले की सही माझीच. अकरा वाजले होते, बाजार गच्च भरला होता.

येडबा आणि मनकर्णाबाई लांब एका लिंबाखाली बसलेले दिसले. दोघंही म्हातारी झाली होती. माझ्या टेबलाकडे शालू आली. हातात दोरी, दोरीला एकच मेंढी. भुरी. कानाची जखम भरली होती.

मेंढीने मला बघितलं आणि पाय रोवून उभी राहिली. मग एकदम पुढे आली आणि टेबलाखालून माझ्या पायांवर डोकं घासू लागली. तिचा आवाज निघत नव्हता. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं.

खाटीक तिथेच उभा होता. "चांगली हाय की. लिवा म्याडम, लिवा."

ताप घेतला. नव्हता. दात बघितले. डोळे बघायचे असतात, ते मी बघितले. मेंढीच्या डोळ्यांची बाहुली आडवी असते. मी नोकरीत हजारो बघितल्या आहेत.

या मेंढीच्या बाहुल्या गोल होत्या.

"ही नको," मी खाटिकाला म्हटलं. "ही आजारी आहे. मी हिला दवाखान्यात घेऊन जाते."

दोरी धरायला मी हात पुढे केला. शालूने दोरी सोडली नाही. ती टेबलावर वाकली. ओढणीतून तिचा चेहरा इतका जवळ आला की मला डोळे मिटावे लागले. शालूचाच आवाज होता, गोड, हसरा, पहिल्या दिवशीसारखा.

"मोजायचं का परत, म्याडम? तुमच्या घरी किती मानसं हायेत?"

घरी माझा नवरा आहे आणि सहा वर्षांची मुलगी आहे. मिळून आम्ही तिघं.

मी डोळे उघडले आणि दाखला भरला. रोग नाही. सही केली, शिक्का मारला.

खाटिकाने दोरी हातात घेतली तेव्हा त्या मेंढीला पहिल्यांदा कंठ फुटला. ताडकळसच्या त्या एवढ्या गर्दीत, भाजीच्या ओळीतल्या तीन-चार बायका उठून उभ्या राहिल्या. कुणाची तरी पोर रडते आहे, असं वाटून त्या इकडेतिकडे बघू लागल्या. लिंबाखाली मनकर्णाबाईने दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. ओरडणं टेम्पोपर्यंत ऐकू आलं, मग टेम्पोचं दार लागलं.

"पुढचा," मी म्हटलं.